उरलेली युनिटं

दिवसभर मी पणजीत लोकांना तारे विकते.
फ्रीजच्या दारावर चिकटवलेले, तीन नाहीतर पाच.
गिऱ्हाईक विचारतं, दोन ताऱ्यांचे सहा हजार जास्त कशाला?
मी कागद ओढते. वॅट गुणिले तास, भागिले हजार.
सातव्या वर्षी फिटतील, म्हणते,
आणि सात वर्षं हे ऐकून
नवराबायको एकमेकांकडे बघतात.

संध्याकाळी फेरीबोट. चोडणला उतरून
खाजणाच्या बांधावरून वीस मिनिटं चालत
अर्मिंदाबायच्या मागच्या दोन खोल्या.
मीटर एकच. सोप्यावर, तिच्या बाजूला.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी, ती मिसाहून आली की
टेबलावर बिल पसरतो.
आधी बशीत दोदोल, मग भांडण.
तिचा फ्रीज: रात्री थरथरून जागा होतो,
आत अर्धा किलो बांगडे आणि डोळ्यांचं औषध.
माझी इस्त्री: हजार वॅट, पण दहाच मिनिटं,
शोरूमचा निळा सदरा, कॉलर, बाह्या, बस्स.
विहिरीचा पंप दोघींचा.
मिक्सर ती हिशेबात धरू देत नाही,
शाकुती वाडग्यातून मलाही येते ना.

सगळं मिळवलं तरी बिल पुढेच.
जानेवारीत पंधरा युनिटं. फेब्रुवारीत पुन्हा पंधरा.
ती माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे.
एकदा तर दारात उभी राहून तिने खोलीचा वास घेतला,
शेगडी लपवलीय की काय म्हणून.

मग एका रात्री सगळं बंद केलं.
पंखे, फ्रीज, आल्तारावरची निळी माळसुद्धा.
मेणबत्ती घेऊन दोघी मीटरपुढे, पायाला डास.
बराच वेळ काही नाही.
मग एक लाल उचकी.
मिनिटभर काही नाही. पुन्हा एक.
घरात कोणीतरी जागं होतं.

ओर्लांदच्या खोलीची किल्ली तिला सापडेना,
म्हणजे सापडली, पण वेळ लावून.
तो जहाजावर, दोन वर्षं झाली.
टीव्ही तिने मागच्या फेस्ताच्या आधीच विकलेला,
पण त्याचा स्टॅबिलायझर कोपऱ्यात गुणगुणत
नसलेल्या टीव्हीचं व्होल्टेज सांभाळत बसला होता.
तिने प्लग काढला. हातात धरून उभी राहिली.
चार युनिटं, मी म्हटलं.
ती काहीच बोलली नाही.

मीटर अजून चालूच. आता जरा सावकाश.
आम्ही माळ्यावर बघितलं, न्हाणीत बघितलं,
मेणबत्ती अर्धी झाली,
आणि अंगणाच्या टोकाला, रस्त्याला लागून, खुरसाच्या कोनाड्यात
तांबडा बल्ब आख्ख्या अंधारात एकटा पेटलेला.
बटण त्याचं कधीचं गंजून अडकलंय.
मी तो रोज बघते. म्हणजे बघतच नाही.

"तो झिरो गो," अर्मिंदाबाय म्हणाली,
"झिरोचो कसलो हिशेब?"

रुमालात धरून मी तो फिरवून काढला,
बुडाशी पुसट अक्षरं: पंधरा वॅट.
दुकानात किती जणांना सांगितलंय मी, घोकल्यासारखं,
झिरो हे नुसतं नाव आहे हो.
पंधरा गुणिले चोवीस गुणिले तीस.
दहा पूर्णांक आठ.

एलईडी आणते, म्हटलं, अर्ध्या वॅटचा, मला सवलत मिळते.
त्याचा उजेड दवाखान्यासारखा, ती म्हणाली.
मग मी जुनाच घट्ट बसवला.
कोणाच्या नावावर लिहू?
"म्हज्या. खुरीस म्हजो."

पेन टेकवलं आणि उचललं.
शेवटच्या फेरीने येते तेव्हा बांधावर एक खांब पेटत नाही.
त्या तांबड्या ठिपक्यावर नेम धरून
मी पावलं टाकत येते, दीड वर्ष, फुकट.

दर दोन रुपये धरला, सोपं पडतं म्हणून.
एकवीस साठ. निम्मे माझे:
दहा रुपये ऐंशी पैसे.

तिने चष्मा लावून आकडा तपासला, पुन्हा तपासला.
"ऐंशी पैसे खंयचे हाडटली?" म्हणाली.
"अकरा बरय."