मोगल, तिसरी रांग

यंदाही मला मोगलच केलं.
मावळ्यांची यादी पाडव्यालाच भरते,
आशेवाडीची, ढकांब्याची पोरं आधीच नाव लावून मोकळी,
वेढा घालायला मात्र कुणी मिळत नाही.
केंगे सर फोनवर म्हणाले, भास्कर,
तुझ्याशिवाय बादशहाची फौज उभीच राहत नाही रे.
सात वर्षं झाली.

एक मे. ग्रामपंचायतीसमोर सातला झेंडा,
महाराष्ट्राच्या नावाने एकेक जिलबी,
आणि ऊन चढायच्या आत
रामशेजच्या पायथ्याशी
सोळाशे ब्याऐंशी साल सुरू.

तोफ लाकडाची, मखमलाबादच्या सुताराने केलेली,
आतून कातडं. सांगतात, तेव्हाही असंच होतं,
गडावर लोखंड नव्हतं, जनावरांची कातडी होती.
बार उडाला की तिच्या तोंडातून
फटाक्याचा धूर निघतो, आणि मूठभर भुसा.

आमचा सरदार शफीक कोकणी.
घड्याळं दुरुस्त करतो, जुन्या नाशकात.
दाढी त्याची स्वतःची, माझी काजळाची.
वाक्य त्याला एकच: सुबह तक किला हमारा!
साडेपाच वर्षांचा वेढा चाळीस मिनिटांत बसवलाय,
म्हणून दर आठ मिनिटांनी तो हे म्हणतो
आणि लोक दरवेळी जास्त हसतात.

किल्लेदार नेमका कोण होता, यावर कागदांचं एकमत नाही.
म्हणून दरसाल नवा, चिठ्ठी टाकून, स्टीलच्या डब्यातून.
यंदा निघाला विलास बेंडकुळे, टँकरवाला.
तटावर उभा राहून त्याने तलवार उपसली
तेव्हा खालून त्याची बायको ओरडली,
अहो, पागोटं सरळ करा!
इतिहास थांबला.
पागोटं सरळ झालं.
मग पुढे.

मी मरतो नऊ पाचला.
वरून दगड येतात, थर्माकोलचे, माती फासलेले.
तिसरी रांग, करवंदीच्या जाळीशी माझी जागा ठरलेली.
डोळे मिटून पडायचं, पोट हलू द्यायचं नाही.
खालचा कातळ तापत जातो.
मुंग्यांना कुणी संहिता दिलेली नसते.

पडल्या पडल्या मला तो आठवतो,
म्हणजे माहीत नाही, पण आठवतो,
इथे खरोखर पडला असेल तो.
बुऱ्हाणपूरचा असेल, त्याहून लांबचाही,
आंब्यांच्या दिवसांत येतो म्हणून घरून निघालेला.
त्यालाही कुणी विचारलं नसेल, कुठली फौज हवी.
स्वातंत्र्य वरच्यांचं होतं, हे मला मान्य.
मेलेलो नसतो तर टाळ्या मीही वाजवल्या असत्या.

प्रेक्षकांनी मेलेल्यांपाशी जाऊ नये, असा नियम आहे.
ठकूबाई लिलके आली, कळशी कमरेवर,
तांब्या माझ्या ओठांना लावला.
म्हटलं, मावशी, मी मेलोय.
म्हणाली, ठाऊक हाय. घोट घे अन् परत मर.

पात्रांच्या यादीत ती नाही.
मागे एकदा तिने सरांना विचारलं होतं,
एवढी वर्सं वरच्यास्नी पानी कोन देत होतं?
सर म्हणाले, टाकी आहेत ना गडावर, खोदलेली.
ती म्हणाली, टाकी चालत येत्यात व्हय तोंडापाशी?
सरांनी चष्मा पुसला होता.

मग आमचा लाकडी बुरूज पेटला,
हलगी कडाडली, वेढा उठला.
विजयाच्या वेळी मेलेल्यांनाही उठून पळायची मुभा असते.
शफीकभाई धापा टाकत म्हणाले,
भास्कर, पाच बरस में पहली बार घर जा रहे हैं, जरा हँस के भाग.
मी हसत पळालो. कुणाच्या लक्षात आलं नाही.

कामगार दिन, म्हणून दुपारपाळीला दुप्पट पगार.
पेठ रोड, म्हसरूळ, पुढे सातपूर.
गेटवर कार्ड टेकवलं. नाव उमटत नाही तिथे,
नंबर उमटतो, एक शून्य सात चार.
पगारे वॉचमनने गालावरचं काजळ पाहिलं.
काय झालं किल्ल्याचं?
नाही मिळाला, म्हटलं.
आणि आईशपथ,
फार बरं वाटलं.