सुंगट

रायबंदरच्या जुन्या शाळेत, वरच्या मजल्यावर,
मंगळवारी आणि शुक्रवारी साडेसहाला
मी उताणी पडते.
त्याचे महिना सहाशे रुपये भरते.

लुडविना माझ्या छातीला टेकून बसते,
मानेखालून हात घालते, माझा उजवा हात काखेत दाबते
आणि वजन हळूहळू खाली सोडते,
फेरीबोटीवर ट्रक चढतो तसं:
आधी पुढची चाकं, बोट किंचित झुकते, मग उरलेला.
तिचं वय एकोणीस, नर्सिंगचं दुसरं वर्ष, वजन ऐंशी.
माझं वय सेहेचाळीस, टपाल खातं,
वजन विचारू नका.

"ओसाएकोमी," मिस्किता सर म्हणतात
आणि मोजायला लागतात.
वीस झाले की हरले.
पहिले दोन महिने मी चारलाच
गादीवर थाप मारायचे.

चूक काय, तर मी ढकलायचे.
पेन्शनच्या दिवशी काउंटरवरची रांग ढकलावी तशी,
हात ताठ करून.
आणि श्वास धरून ठेवायचे,
जणू तो लुडविना पळवून नेणार होती.

"कुशीवर ये आधी. मग पूल कर.
मग कंबर मागे, सुंगटासारखी.
सुंगट कशें धांवता तें पळोवंक ना तुवें?"

धावताना?
मी जन्मभर सुंगटं सोलली.
डोकं मोडायचं, काळा दोरा ओढायचा, हळद, मीठ.
वाकडी असतात एवढं ठाऊक होतं.
का, ते कधी विचारलं नव्हतं.

म्हणून एका रविवारी, ओहोटीच्या वेळी,
आमच्याच चोडणच्या मानशीवर गेले.
बाबुसोनं फळ्या उचलल्या,
खाजनातलं पाणी नदीकडे निघालं, जाळं फुगलं.
"एक जिवंत दाखव," म्हटलं.
पोस्टातल्या बाईला काय झालं, अशा नजरेनं
त्यानं बादलीत पाणी घेतलं आणि एक सोडलं.

काचेसारखं. मिशा अंगाहून लांब.
मी बोट जवळ नेलं.
ते बोटाला भिडलं नाही.
पोटाशी एकदाच दुमडलं
आणि मागे, जिकडे त्याला दिसतही नसेल तिकडे,
गेलं.
बादलीला आपटलं. पुन्हा दुमडलं.
"किलोभर देऊ?" बाबुसोनं विचारलं.
त्या दिवशी मी डाळ केली.

वहिनी म्हणते, यात खोल अर्थ आहे गं,
बाईच्या छातीवरचं ओझं आणि काय काय.
असेल.
मला लुडविनाच्या काखेतून बाहेर यायचंय.
तिथे टाल्कम पावडर आणि हॉस्पिटलच्या साबणाचा वास येतो.

रात्री जेवणाच्या टेबलापासून फ्रिजपर्यंत
लादीवर सरकते. टाच, खांदा, कंबर.
टाच, खांदा, कंबर.
मांजर खुर्चीवर बसून बघतं,
त्याला हे सगळं फार आधीपासून येतं.

काल.
सात, आठ. अडकलेलं कोपर गादीला टेकवलं.
नऊला तिची वेणी माझ्या तोंडात आली.
अकरा. पूल केला. ती पलटली नाही,
पण पलटू नये म्हणून तिनं भार मागे घेतला.
तेवढ्यात दुमडले.
कंबर बोटभर गेली.
पुन्हा. चार बोटं.
सोळा.
माझ्या पोटऱ्यांच्या मध्ये काहीतरी आलं,
ऊबदार, हाडाचं, धडपडणारं.
तिचा घोटा.
आवळला.

"तोकेता," सर म्हणाले. मोजणं थांबलं.

सुटले नाही मी. ती अजून वरच होती,
ऐंशीची ऐंशी.
धापा टाकत मी पंखा बघत होते,
ती गादी.
"सोड गो," ती म्हणाली, "पांय दुखता."
"तू सोड आधी," मी म्हटलं.