शून्य बघा

पोखर्णी फाट्यावरच्या पंपावर
मला हे चौथं वर्ष.
खाकी शर्ट, खिशावर चंद्रकला असं नाव,
आणि दिवसातून चार-पाचशे वेळा एकच वाक्य:
शून्य बघा.

बघतात. डोळे बारीक करून, मान लांब करून,
मागे बसलेल्या बायकोलाही बघायला लावतात.
शंभरचं इकडं कुणी मागतच नाही.
एकशे दहाचं टाका. दोनशे पाचचं टाका.
गोल आकड्यात आम्ही मारतो, असं
कुणीतरी कुणाला तरी कधीतरी सांगितलं
आणि ते गंगाखेडपासून परभणीपर्यंत पाठ झालं.
सुट्टे मोजता मोजता माझी बोटं काळी.

एक मास्तर पन्नास पावलं आधीच इंजिन बंद करून
घरंगळत येतात, वाटतं कुणाला कळत नाही.
कुणी रांगेतच झाकण काढून मांडीवर धरतं,
कुणी नंबर आल्यावर सगळे खिसे चाचपतं
आणि किल्ली गाडीलाच लटकत असते.
उसाचे ट्रॅक्टरवाले गाणं बारीक करतात, बंद नाही.
स्कूटीवरच्या मॅडम सीट उघडून
आधी डबा काढतात, मग वह्यांचा गठ्ठा, मग छत्री,
मग लाजत लाजत एकच चप्पल;
मागचा हॉर्न देतो,
त्याच्या मागचा त्याला शिवी.
आणि शेवटी सगळ्यांचं एकच:
झटका ताई, नळीत राहिलंय.

सटवाजी मिस्त्री तेवढा वेगळा.
विहिरीच्या मोटारी भरून देणारा माणूस,
हँडलला तांब्याच्या तारेची वेटोळी,
शंभरचं, म्हणायचा, सरळ शंभरचं,
आणि तोंड रस्त्याकडं फिरवून उभा राहायचा.
शून्य बघा म्हटलं तर
तुमी बगितलं नव्हं.
मी घरी सांगितलं, जगात एक तरी माणूस
माझ्यावर विश्वास ठेवतो.
त्या रात्री भाकरी जरा गोल आल्या.

मग मे महिन्यात टँकर आला नाही.
निसारभाईनं खोक्याच्या पुठ्ठ्यावर खडूनं लिहिलं
पेट्रोल नाही,
आणि तोंडाशीच पिंपावर टेकवून ठेवलं.
भर दुपार. येणारा पुठ्ठा वाचून
गाडी न थांबवताच वळत होता.
मिस्त्री आला तो पिंपाला वळसा घालून थेट मशीनपाशी.
इंजिन बंद. झाकण हातात. शंभरचं.
मी पुठ्ठ्याकडं बघितलं.
त्यानंही बघितलं, मग स्वतःच्या टायरकडं.
गाडी आली न्हाई व्हय, म्हणाला.
न्हाई आली, मी म्हटलं.

तर विश्वास नव्हताच तो.
रात्रभर मला माझीच लाज वाटली.
दुसऱ्या दिवसापासून मी आकडे मोठ्यानं म्हणायला लागले,
त्याला एकट्याला नको म्हणून सगळ्यांनाच:
शून्य... वीस... पन्नास... ऐंशी...
बुलेटवाली पोरं हसायची, अंगणवाडी म्हणायची.
हसू द्या.

महिनाभरानं मिस्त्री म्हणाला,
ताई, तेवढं मधी बोलू नका.
कामून हो?
मशीनचा आवाज ऐकू येईना झालाय.
शंभरला ही किती येळ घुमती ते मला ठावं हाय.
आन् ती कोपऱ्यातली तुमची
शेवटाला जरा लवकर दमती.
शेठला सांगा, बेअरिंग नसंल, दुसरंच कायतरी असंल.

म्हणजे रस्त्याकडं तोंड करून
हा माणूस चार वर्षं कान लावून उभा होता.

आता तो आला की मी गप्प बसते,
नळी दोनदा झटकते,
आणि त्याची गाडी
कोपऱ्यातल्या मशीनला लागू देत नाही.

शेठला अजून सांगितलेलं नाही.