खुडूक

एसीच्या नळीखाली बादली असते.
दुपारी दोनपर्यंत काठोकाठ.
बरक्याच्या हवेतलं ओलं, आमच्या झोपेतून गाळलेलं,
ते मी अळूला घालते, मग कढीपत्त्याला,
उरलं तर भेंडीला. भेंडी तक्रार करत नाही.
गच्चीवरच्या टाकीचं पाणी या दिवसांत चहाइतकं कढत,
त्याने मुळं शिजतात.
पहिल्या वर्षी शिजवली मी. अख्खा वाफा.

कोंबड्या चार.
भुरकी, लंगडी, लंगडीची सावली,
आणि एक जी माझ्याकडे
कायम थकबाकी असल्यासारखी बघते,
म्हणून वसुली.
कोंबडा होता. मशिदीच्या बांगेआधी
अर्धा तास स्वतःची द्यायचा.
झुवैनाचे सासरे हसून म्हणाले, याचं घड्याळ पुढे आहे,
आणि त्याला सुवैकच्या मळ्यावर घेऊन गेले.
तिथे मजेत आहे म्हणतात.
मी खोलात शिरले नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात
वसुली खुडूक बसली.
अळूच्या पानांखाली, ओल्या मातीत,
पोटाखाली एक गळलेलं लिंबू.
विश्राम म्हणाला, आमच्याकडे
गार पाण्यात बुडवून काढायचे, उतरतं खूळ.
म्हटलं, गार पाणी
तू आण.

झुवैनाला भिंतीवरून सांगायला गेले
तर माझं अरबी भाजीबाजाराएवढं:
कितीला, फार होतात, ताजं आहे का, उद्या.
खुडूक कसं सांगणार?
शेवटी तिथेच उकिडवी बसले,
कोपर पसरले, कपाळाला आठ्या घातल्या,
कुर्र केलं.
ती भिंतीला धरून हसली.
संध्याकाळी तिचा धाकटा आला, हातात हलव्याचा डबा,
डब्यात भुशावर पाच अंडी
आणि पेन्सिलने तिच्या आकड्यांत नंबर.
त्यांचा पाच आमच्या शून्यासारखा.
पाचवं अंडं मी जरा कडेलाच ठेवलं.

मग वारा बंद झाला.
दिवसभर रस्ता भाजत पडायचा.
एके दुपारी बर्फाची बाटली घेऊन गेले
तर वसुली उभी.
मला वाटलं, सोडलं हिने.
चोच उघडी, गळा धडधडतोय,
पंख अंगापासून सुटे,
पाय न हलवता उभी,
आणि पाचही अंडी
तिच्या सावलीत.
भिंतीवरचा पारा सत्तेचाळीस.
कोंबडीचं अंग एक्केचाळीस असतं म्हणे.
बाटली तिच्याजवळ ठेवली.
मीही थोडा वेळ
ऊन माझ्या पाठीवर पडेल अशी उभी राहिले.
फार नाही. चटका बसला, आत गेले.
ती चार वाजता बसली.

एकविसाव्या दिवशी काही नाही.
बाविसाव्याला विश्रामने अंडी कानाशी हलवून पाहिली,
एक, दोन, तीन, चार,
आणि काही न बोलता
लिंबाखाली पुरली.
पाचव्याला हात लावणार
तोच आतून टक्.

शून्याला तडा गेला.
ओलं, चिडलेलं, मुठीएवढंही नाही.
भिंतीवरून दाखवलं तर झुवैना ओरडली, खम्सा!
तेच नाव पडलं.

बादली त्या दिवशी विसरले.
वाहून वाहून भेंडीखाली चिखल झाला.
वसुलीने त्यात उकरून
पोराला पहिला किडा दाखवला,
मग मान वाकडी करून
माझ्याकडे बघितलं.
तसंच.
बाकी आहे अजून.