आंब्याचा लाकूर

गोठिवलीत, आमच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी
चार पायांवर उभं आहे ते काळं पिंप.
पामबीच रोडवरच्या एका माणसाकडून घेतलं, सेकंडहँड.
तो कॅनडाला निघाला होता. म्हणाला, जपा हिला,
गाडीबद्दल बोलावं तसं.

बाजूच्या डब्यात लाकडाच्या गोळ्या,
अगदी कोंबड्यांच्या खाद्यासारख्या.
आईने पहिल्या दिवशी मूठभर खरंच टाकल्या कोंबड्यांना.
त्यांनी चोच लावली आणि तिच्याकडे पाहिलं.

खाली स्क्रू फिरतो, गोळ्या आगीकडे ढकलतो,
थोड्या थोड्या,
महिनाअखेरीला तेल ओतणाऱ्या हातासारखा.
मी आकडा लावते: एकशे दहा.

चिकन सकाळपासून मुरतंय. मांड्या, कातडीसकट.
कातडीसाठी दुकानात भांडावं लागलं,
त्याचा हात सवयीने सोलतच होता.
सोया सॉस, आलं, लसूण. मिरिन वाशीतही मिळाली नाही,
म्हणून गूळ, आणि चमचाभर व्हिनेगर.

कावासाकीला आठ महिने होते मी, ऐरोलीच्या ऑफिसकडून.
स्टेशनखालच्या दुकानात एक म्हातारा
ब्रशने सॉस लावायचा, शेवटी, अगदी शेवटी.
मी काचेतून बघतेय म्हटल्यावर बोट हलवायचा:
आधी नाही.
गोड आधी लावलं की करपतं.
भाषेशिवाय मला तिथे कळलेली ही एकच गोष्ट.

बाबा खाली, टीव्हीसमोर.
रबाळ्याच्या रंगाच्या कंपनीत एकतीस वर्षं,
त्यातली बावीस निळ्या पावडरीच्या खात्यात.
बनियन निळं, उशी निळी,
रुमालात शिंकले की तीही निळी.
नाक तिथेच राहिलं त्यांचं.
ग्रॅच्युइटीच्या कागदात त्याचा रकाना नव्हता.
शेजारी सुकट भाजली तरी कळत नाही,
गॅस चालू राहिला तरी नाही.
आई त्यांच्या ताटात तिखट वाढवत गेली,
ते ‘बरा झालाय’ म्हणत गेले.

पावणेआठला लाईट गेली.
आकडा विझला, स्क्रू थांबला, आतला पंखा थांबला,
आणि घुसमटलेली आग
झाकणाच्या फटीतून दाट, पांढरा धूर सोडू लागली.
पलीकडच्या गच्चीवर गुलाबकाकीने
दोरीवरच्या साड्या एकेक करून काढल्या, न बोलता.
म्हणजे बोललीच.

मोबाईलच्या उजेडात मी मांडीत सुई खुपसली:
एकसष्ट.
पंच्याहत्तर हवेत. झाकण उघडू की नको,
कोळसा आणू कुठून, तवा तापवू का,
तेवढ्यात जिन्यात चप्पल वाजली.

बाबा. गुडघ्यांमुळे गच्चीवर येत नाहीत ते.
कठडा धरून उभे राहिले काळोखात,
श्वास खाली बसेपर्यंत.
मग म्हणाले,
“आंब्याचा लाकूर हाय नं?”

पिशवीवर मी टॉर्च धरला.
लिहिलं होतं, फळझाडांचा भुसा, मिश्र.
आंबा असेल, चिकू असेल, कोणाला माहीत.
डोळे झोंबले असतील त्यांचे.
अंदाजाने म्हणाले असतील.
घसा भाजला असेल, आणि घशाला काही आठवलं असेल.
विचारायला मी तोंड उघडलं,
तर म्हणाले, “झाकन लाव आधी. कच्चा रेल त्यो.”

साडेआठला लाईट आली.
स्क्रू कुरकुरत पुन्हा फिरला.
आम्ही दोघं टाकीला टेकून बसलो, एकही शब्द नाही,
ते धुराच्या बाजूला, मी वाऱ्याच्या.
पंच्याहत्तर झाल्यावर ब्रश घेतला.
हात घाईत होता, एक कड करपलीच,
गूळ काळा होऊन तडतडला.

ताटात बाबांनी नेमका तोच तुकडा घेतला.
चावत राहिले बराच वेळ.
“गोर हाय जरा.”
आईने सवयीने तिखटाची वाटी पुढे सरकवली.
जेवणं होईपर्यंत ती तिथेच होती, भरलेली,
आणि आई मधूनमधून
तिच्याकडेच बघत होती.