केसपेपरच्या खिडकीसमोर

आरोग्य केंद्राच्या भिंतीवर, लसीकरणाच्या तक्त्याशेजारी
डोमाजी पेंटरचं चित्र टांगलं, तेव्हा
डॉक्टर म्हणाले, छान आहे, पण आहे काय?
डोमाजी म्हणाला, टांगून तं ठेवा.

तीस वर्षं त्यानं वडशाच्या नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले:
महाल, जंगल, पोलीस ठाणं,
गरिबाची झोपडी, तिचा कंदील वेगळा.
पहिल्या रांगेतल्या माणसाला बिडी पेटायच्या आत
जागा कळली पाहिजे, हा त्याचा नियम.
आणि आता हे.
खाली गढूळ हिरवा, बांधीत पाणी कुजतं तसा,
वर ओल्या गोवरीच्या धुराचा राखाडी,
मधून एक कमान, अर्धीच,
उजवीकडे विरून गेलेली.
कोपऱ्यात पिवळा. बोटभर.

मी केसपेपर फाडतो. दिवसभर समोर तेच.
रांगेतले लोकही बघतात, कारण दुसरं बघायला
क्षयरोगाची पाटी आहे फक्त.
“म्हशीची पाठ होय,” कवडू गेडाम खोकत म्हणाला,
“बोडीत बसली हाय.”
“म्हस कुठची? बोडीची पाळ होय ते,” मागून कोणी.
सयत्राबाई, आठवा महिना,
काहीच बोलली नाही,
पण पोटावरच्या तिच्या हाताचा बाक
त्या कमानीत नेमका बसत होता.

कवडूचा रिपोर्ट चांगला आला त्या दिवशी
तो बराच वेळ उभा राहिला चित्रापुढं.
“आज उठून गेली वाटते,” म्हणाला,
आणि गोळ्या न घेताच निघाला. हाक मारून बोलावावं लागलं.

वैशाखात चुना मारायचा म्हणून चित्र उतरवलं.
मागं जुन्या पडद्याचं कापड निघालं, टाके घातलेलं:
राजाची खिडकी, सोनेरी काठ,
आणि तीच कमान, अख्खी,
रंगातून आरपार झिरपलेली.
वाटलं, सांगावं सगळ्यांना. म्हैस नाही, पाळ नाही, महाल आहे.
मग परत तसंच टांगलं.

डोमाजीला विचारलं, आणि तो पिवळा?
“तो मी नाही लावला. खालचाच होय.
तीनदा झाकला. वर येते.”

पाच वाजता लाईट जाते.
आधी हिरवा बुडतो, मग कमान.
कुलूप लावताना मी एकदा मागं बघतो.
केसपेपरवर लिहिण्यासारखं
काही नाही.