वीस मिलिसेकंद

हिंगण्याच्या एमआयडीसीत पत्र्याची शेड,
शेडच्या पोटात काचेची खोली,
खोलीत तेवीस डिग्री, न हलणारे.
बाहेर सेहेचाळीस.
दारात चप्पल काढताना
तळव्यांना कळतं आपण कुठून आलो.

टेबलावरचं यंत्र एकाच तोंडाने देतं आणि मोजतं.
आत्या म्हणायची, दिलेलं मोजू नये.
हे देता देताच मोजतं, नॅनोअँपिअरपर्यंत,
आणि त्याला त्यात काही वाटत नाही.

तारा चार. दोन ओझं वाहतात,
दोन टोकाशी बसून नुसत्या बघतात
तिथवर खरंच किती पोचलं.

लाटा काढणं हे याचं काम नव्हे.
मी आकडे टाईप करते, एकाखाली एक:
शून्य, ०.६२८, १.२५३, १.८७४…
शंभर आकड्यांची एक लाट.
दुरून बघा, गोलाई.
जवळ जा, जिना.

आज गोल लाट नकोय.
लांजेवारबाईंचा फ्रीज जळला ती रात्र हवी आहे,
सतरा मे, नऊ चाळीस,
जेव्हा अख्ख्या मानेवाड्याचे कूलर बंद पडून
पुन्हा एकदम सुरू झाले.
बोर्डाचा माणूस म्हणतो, असं काही झालंच नाही.
पण कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याच्या यूपीएसने
सगळं लिहून ठेवलं होतं:
दोनशे तीस, एकशे एक्केचाळीस, मग दोनशे अडुसष्ट.
मी त्या रात्रीचा शंभरावा भाग केला:
२.३०. १.४१. २.६८.
आणि स्टॅबिलायझरच्या हिरव्या बोर्डात सोडला.

शेवटच्या आकड्याला रिले पडायला हवा.
टक्.
एवढंच.

नाही पडला.

तारा तपासल्या, पुन्हा रात्र सोडली.
नाही पडला.
झाडे सर चहा घेऊन आले, म्हणाले, काऊन?
मी बोर्ड उलटं केलं नाही.
मागे मार्करने काय लिहिलंय मला माहीत आहे:
हिवराज इलेक्ट्रिकल्स, सीताबर्डी.
अक्षर माझंच. दिवाळीत भावाकडे हात कमी होते.

वाचण्याआधी यंत्र वीस मिलिसेकंद थांबतं,
पन्नास हर्ट्झचा एक पूर्ण फेरा,
म्हणजे कोराडीहून भिंतीभिंतीतून येणारी गुणगुण
स्वतःतून स्वतःच वजा होते
आणि उरतो तो आकडा.

मी जरा जास्त थांबले.
सरांचा चहा निवला, त्यावर साय आली.

मग रकान्यात लिहिलं: २.६८ ला रिले स्थिर.
आणि फोनवर:
हिवराज, ते रिले कोणाकडून घेतले होतेस बे?
उरलेले विकू नको.